मौनातला खोकला

रविवार, ३

आज बाबा ‘हो’ म्हणाले. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

पुलाच्या लढाईला यंदा पन्नास वर्षं होतात. दरवर्षी शाळेच्या सभागृहात कार्यक्रम असतो, आणि ज्यांच्यासाठी तो असतो ते आमचे बाबा शेवटच्या रांगेमागे दाराशी उभे राहतात. पुढे या म्हटलं की त्यांचा गुडघा दुखतो. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण दोन मिनिटांचं मौन सुरू झालं की बाबा खोकायला लागतात. साधासुधा खोकला नाही, भिंतीवरचं घड्याळ हलेल असा. एरवी वर्षभर खोकत नाहीत. लष्करी शिस्तीतला माणूस, आणि नेमका मौनात खोकतो. समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचे हेडमास्तर. ते मला दरवर्षी बाजूला घेऊन सांगतात, “डॉक्टरांना दाखवा हो.” दाखवलं. छाती ठणठणीत आहे.

आजची किमया काकूंची. बाबांबरोबर पुलाखाली जो मित्र होता आणि जो परत आला नाही, त्याची ही बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं म्हणे. बाबा दर रविवारी सकाळी हत्यारांची पेटी घेऊन त्यांच्याकडे जातात. नळ, बल्ब, दाराची कडी, जे बिघडलं असेल ते दुरुस्त करतात. काही बिघडलं नसेल तर बिघडेपर्यंत बसून राहतात, असं माझी बायको म्हणते. आज पेटी जड होती म्हणून मीही गेलो होतो. काकू चहा ठेवताना म्हणाल्या, “भाऊजी, यंदा पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसा. इतकी वर्षं एकटी बसतेय मी तिथे.” बाबा नळाखाली वाकून पाना फिरवत राहिले. मग आतूनच म्हणाले, “बसतो, वहिनी.”

मला धक्काच बसला. येताना रस्त्यात विचारलं, तर म्हणाले, “पेटी नीट धर.”

मंगळवार, ५

हेडमास्तर दुकानात आले. माझं दुकान म्हणजे लाउडस्पीकर, माइक, वायरींची भेंडोळी आणि मी. लग्न, सभा, नाटक, जे असेल त्याला आवाज पुरवतो. बाबा मला भोंगेवाला म्हणतात. प्रेमाने म्हणतात असं मी धरून चालतो.

हेडमास्तरांना यंदा काहीतरी वेगळं हवं आहे. मी लगेच सांगितलं, सभागृहात अंधार करू आणि लढाईच ऐकवू. चार कोपऱ्यांत चार स्पीकर, लोकांना वाटलं पाहिजे आपणच पुलाखाली बसलोय. हेडमास्तरांच्या अंगावर तिथेच काटा आला. मलाही आला, पण मी हिशेबी चेहऱ्याने बसलो होतो.

गोष्ट इथे पोराटोरांनाही पाठ आहे. बाबा आणि त्यांचा मित्र, त्याला सगळे लांब्या म्हणत, पुलाला सुरुंग लावायला गेले. लांब्याला गोळी लागली आणि तो जागच्या जागी गेला. बाबा एकटे फळ्यांखाली दबून राहिले, शत्रूची आघाडीची तुकडी डोक्यावरून जाऊ दिली आणि मागच्या गाड्या पुलावर आल्यावर काठावरून पूल उडवला. गाव वाचलं. बाबांना पदक मिळालं, ते कपाटात मोज्यांच्या खणात असतं.

एकदा तरी बाबांनी माझं काम ऐकावं आणि ‘बरं केलंस’ म्हणावं. बाकी मला काही नको.

शनिवार, ९

आज धीर करून विचारलं, “बाबा, तेव्हा आवाज कसा होता? तोफा लांब होत्या की जवळ?”

त्यांचा रेडिओ चालू होता. तो कायमच चालू असतो, झोपेतसुद्धा. आई गेल्यापासून जास्तच. बंद केला की लगेच जागे होतात. बरं, कान तिखट आहेत, म्हणजे बहिरेपणाचंही कारण नाही. मी घरात मोठे स्पीकर तपासतो, भिंती हादरतात, तरी बाबा खुशाल घोरतात. म्हटलं ना, माणूस उलटाच आहे.

मग म्हणाले, “तोफा आधी झाल्या. नंतर आवाज नव्हताच. वर फक्त बूट.”

“म्हणजे शांतता?”

“शांतता नव्हे. आवाज करायचा नव्हता.”

उभ्या आयुष्यात त्यांनी मला त्या दिवसाबद्दल इतकी वाक्यं सांगितली नव्हती. मी तर हवेतच होतो. आणि धंद्याच्या दृष्टीने काय सुरेख गोष्ट सांगितली त्यांनी! नुसता धूमधडाका कुणीही करील. आधी तोफा, मग एकदम सगळं बंद, आणि त्या बंद झालेल्या काळोखात डोक्यावरून बूट. याला म्हणतात आवाज.

रविवार, १०

शाळेच्या जुन्या लाकडी स्टेजवर बूट रेकॉर्ड केले. मी माइक घेऊन फळ्यांखाली, वर माझा मेहुणा आणि त्याचे व्यायामशाळेतले मित्र. मेहुण्याला बूट घट्ट होत होते, त्यामुळे एक पाय लंगडा पडतो, पण ते उलट खरं वाटतं. फळी करकरते, धूळ पडते, पुन्हा करकरते. फळ्यांखाली पडून ऐकताना माझेही हातपाय गार पडले होते, हे कुणाला सांगणार नाही.

लढाईत कुणीतरी कण्हणारा हवा. मेहुण्याने कण्हून दाखवलं. दाढ उपटताना कण्हतात तसं झालं. शेवटी मीच कण्हलो. बायको म्हणाली, “हुबेहूब. ताप आल्यावर तुम्ही असेच करता.”

गुरुवार, १४

चिमणीला, म्हणजे आमच्या सात वर्षांच्या लेकीला, खोकला झालाय. रविवारी तिला आजोबा आणि काकू यांच्या मधे बसायचं आहे, तिने तसं जाहीरच केलंय. जेवताना तिची अखंड टकळी चालू होती. बायकोने थट्टेने तिच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, “दोन मिनिटं मौन पाळ, रविवारची तालीम.”

बाबा भरल्या ताटावरून उठले.

“काय झालं, बाबा?” बायको घाबरून म्हणाली.

“पोराच्या तोंडावर हात ठेवायचा नाही,” एवढंच म्हणाले आणि खोलीत जाऊन रेडिओ मोठा केला. बायको रडवेली झाली. मी तिची समजूत काढली, म्हातारपण आहे, नातीचा लळा आहे. मलाही लहानपणी त्यांनी कधी ‘गप्प बस’ म्हटलं नाही. मी इतका बडबड्या का झालो त्याचं कारण तेच असावं.

एक गुपित. बाबांच्या खुर्चीखाली मी छोटा माइक चिकटवणार आहे. ऐकताना ते काय बोलतील, किंवा रडतील, तर ते माझ्याकडे राहील. मौनात खोकले तर तो खोकलाही माझ्याकडे राहील.

रविवार, १७

लिहितो, कारण बोलता येणार नाही.

सभागृह गच्च भरलं होतं. बाबा कोट घालून पहिल्या रांगेत, मधे चिमणी, पलीकडे काकू. मी मागच्या भिंतीशी माझ्या यंत्रापाशी, कानाला हेडफोन. हेडमास्तरांचं भाषण झालं. मौनाच्या ऐवजी यंदा हा ध्वनिप्रयोग, असं ते म्हणाले. मला हायसं वाटलं, निदान खोकला टळला. दिवे गेले.

तोफा सुरू झाल्या. बायका दचकल्या, कुणाचं तरी मूल रडलं. दिवे जायच्या आधी मी बाबांची पाठ पाहिली होती, ती सरळ होती. मग मी सगळं एकदम बंद केलं. त्या काळोखात फक्त फळी करकरली आणि बूट आले. मग माझं कण्हणं.

हेडफोनमध्ये चिमणीचा खोकला ऐकू आला. मी मनात म्हटलं, आता कुठे हिला खोकायचं सुचलं. आणि तो खोकला मधेच तुटला. मला बरं वाटलं. हे मी लिहून ठेवतोय. मला बरं वाटलं.

मग बुटांच्या आवाजाखाली काहीतरी घासटत होतं. नीट ऐकू यावं म्हणून मी खुर्चीखालच्या माइकची कळ वर सरकवली. स्वतःपुरतं ऐकायचं तर त्याचं बटण वेगळं असतं. कळ वर केली की आवाज साऱ्या सभागृहात जातो. कालपरवा शिकायला लागलेल्याने ही चूक केली असती तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

चारही स्पीकरमधून बाबांची कुजबुज आली. “लांब्या, गप्प. गप्प राहा. गेले की सोडतो.”

खुर्चीच्या पायावर काहीतरी टकटक आपटत होतं. चिमणीच्या टाचा.

“गेले की सोडतो, लांब्या. आवाज करू नकोस. दोघंही जाऊ. तुला शपथ आहे वहिनींची.”

मी वायरी तुडवत अंधारात धावलो. कुणाच्या गुडघ्यावर आपटलो, कुणी शिवी दिली. स्पीकरमधून काकूंचा आवाज आला, अगदी शांत, “भाऊजी, पोर आहे ती. हात काढा.” मग पुन्हा, “भाऊजी, गेले ते. सगळे गेले. सोडा.”

दिवे लागले तेव्हा बाबांचा उजवा हात काकूंच्या दोन्ही हातांत होता. चिमणीचे ओठ पांढरे, गालांवर बोटं उमटलेली. तिने एकदा श्वास ओढला आणि मग किंचाळून रडली. मी तिला उचललं. बाबा आपल्या हाताकडे पाहत होते. काकू बाबांकडे पाहत होत्या.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. हेडमास्तर डोळे पुसत माझ्याकडे आले. “काय परिणाम साधलात हो! तो संवाद कुणी लिहिला?”

काकू आपली पिशवी घेऊन मधल्या वाटेने निघून गेल्या. लोक त्यांना नमस्कार करत होते आणि त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.

सोमवार, १८

डॉक्टर म्हणाले, चिमणीला काही इजा नाही. अजून थोडा वेळ गेला असता तर, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही.

बाबांच्या खोलीत रेडिओ बंद आहे. पहिल्यांदाच.

बुधवार, २०

बाबा जेवायला बाहेर येत नाहीत. ताट दाराशी ठेवतो, निम्मं परत येतं. बायको चिमणीला क्षणभरही नजरेआड करत नाही. काल मला म्हणाली, “मला त्यांचा राग नाही. भीती वाटते. आणि भीती वाटते याची लाज वाटते.” भीती मलाही वाटते. ज्या माणसाने माझ्यावर कधी हात उगारला नाही, त्याच्या हाताची.

मी सारखा एकाच जागी येऊन अडखळतो. लांब्या जागच्या जागी गेला होता. सगळ्यांना माहीत आहे. मग गप्प राहा कुणाला सांगत होते? उत्तर मला माहीत आहे. ते मी इथेही लिहिणार नाही.

हेडमास्तरांचा निरोप आला. पुढच्या वर्षीही हाच प्रयोग ठेवू, आणि त्या आवाजाची एक प्रत शाळेसाठी द्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बाबांनी एकदा माझं काम ऐकावं एवढीच माझी इच्छा होती.

रविवार, २४

सकाळी बाबा दाढी करून, पेटी घेऊन बाहेर आले. आठवड्यात माणूस किती वाळतो ते पाहिलं. मी म्हटलं, “येऊ का बरोबर?” त्यांनी मान हलवली. तरी मी मागोमाग गेलो, थोडं अंतर राखून.

काकूंचं दार बंद होतं. बाबांनी कडी वाजवली. ही कडी त्यांनीच बसवलेली. आत भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे काकू घरात होत्या. बाबांनी पुन्हा वाजवली. भांड्यांचा आवाज थांबला. दार उघडलं नाही.

बाबा पायरीवर बसले, पेटी मांडीवर घेऊन. ऊन चढलं तेव्हा आत काकूंचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून. “इतकी वर्षं नळ दुरुस्त करायला येत होतात ना? कशासाठी येत होतात ते आता कळलं. जा तुम्ही.”

बाबा उठले. पेटी माझ्याकडे न पाहताच माझ्या हातात दिली. मी मागे आहे हे त्यांना ठाऊक होतं. रस्त्यात एका ओळखीच्याने अडवून म्हटलं, “काय कार्यक्रम झाला! आमच्या घरी सगळे रडले.” बाबा त्याला म्हणाले, “हो.”

मंगळवार, २६

दुपारी दुकानात बसलो होतो. काकू दारात उभ्या. त्यांना दुकानात आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी खुर्ची पुसून दिली, त्या बसल्या नाहीत.

मी म्हटलं, “काकू, ते सगळं रेकॉर्ड झालंय. म्हणाल तर आत्ता तुमच्यासमोर पुसून टाकतो.”

“पुसून काय होणार? माझ्या शेजारीच झालं ते,” त्या म्हणाल्या. “घरी आहेत का?”

रस्ताभर त्या पुढे, मी मागे. घरात शिरल्या, बायकोला “बस गं, चहा नको” म्हणाल्या आणि सरळ बाबांच्या खोलीत. बाबा कॉटवर बसले होते. उठायला लागले, तर हातानेच त्यांना बसा म्हणाल्या आणि समोर खुर्ची ओढून घेतली. मी दारात थांबलो. मला कुणी जा म्हटलं नाही.

“मला काय सांगितलं होतंत?” काकूंनी विचारलं.

“गोळी लागली. त्याला कळलंही नाही.”

“आणि खरं?”

बाबांनी सुरुवात केली आणि मग थांबले नाहीत. गोळी पोटात लागली होती. लांब्या शुद्धीवर होता. तोफा थांबल्या आणि तो कण्हायला लागला. वर बूट आले. बाबांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. तुकडी मोठी होती, संपेचना. शेवटचे बूट गेले तेव्हा हात काढला.

“वाचला असता का तो?”

“माहीत नाही, वहिनी. कदाचित नसता. मी स्वतःला रोज ते सांगतो. रोज खरं वाटत नाही.”

मी चौकट धरली. काकू रडल्या नाहीत. त्यांचा आवाज उलट कडक झाला. “तुम्ही माझ्याकडे दर आठवड्याला येत होतात. मी तुम्हाला चहा देत होते. तुमच्या मुलाच्या लग्नात मी वरमाईसारखी मिरवले. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?”

“दर आठवड्याला वाटलं.”

“मग?”

“मग तुम्ही चहा आणायचात.”

काकू म्हणाल्या, “तो काय बोलत होता?”

“ऐकलं नाही मी. हात होता ना माझा. ओठ हलत होते हाताखाली. शेवटपर्यंत हलत होते. काहीतरी सांगत होता तो, आणि मी ते बाहेर येऊ दिलं नाही.” बाबांनी उजवा हात मांडीवर उघडून धरला होता, कुणाचा तरी असल्यासारखा. “सगळं इथे झालं.”

काकूंनी तो हात घेतला. मला वाटलं, झटकणार. त्यांनी तो उचलून स्वतःच्या कानाला लावला, फोन लावतात तसा, आणि डोळे मिटले.

खोली गप्प झाली. रेडिओ बंद, पंखा बंद. मी आवाजाचा माणूस, मला अशी शांतता सहन होत नाही. मी बाबांच्या खोकल्याची वाट पाहत होतो. दोन मिनिटं झाली असतील, जास्तही असतील. बाबा खोकले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात काकूंच्या कानाशी तसाच होता.

मग माझ्या मागे, स्वयंपाकघरात, चिमणी खोकली. तिच्या आईने तिला लगेच दबक्या आवाजात “शू” केलं.

बाबांनी दाराकडे मान वळवली. “तिला खोकू दे,” ते म्हणाले. “खोक, बाळा. मोकळी खोक.”